मांगरापर्यंत पाणी

काजूच्या फेणीत पाण्याचा एक थेंबही घालीत नाहीत. झाडाखाली आपोआप पडलेले पिकले बोंडू गोळा करायचे, ते पायांनी तुडवायचे, रस काढायचा, तो दोनतीन दिवस आंबू द्यायचा आणि मग तांब्याच्या भाणात ओतून खाली जाळ लावायचा, एवढेच काम. ना साखर, ना यीस्ट, ना पाणी. जो पाणी घालील तो लबाड, असे त्या धंद्यातली माणसे मानतात. आणि तरीही भट्टी लावायची म्हटली की पहिला प्रश्न निघतो तो लाकडांचा नाही, बोंडवांचा नाही, भाणाचाही नाही. पहिला प्रश्न पाण्याचा. ‘पाणी खंय आसा?’

दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय काढल्याबद्दल घरोघरची वडील मंडळी भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. त्यांच्या समाधानासाठी सांगून टाकतो की मी स्वतः आमसुलाच्या सरबतापलीकडे गेलेलो नाही. शिवाय मला बोलायचे आहे ते फेणीबद्दल नाहीच. मला बोलायचे आहे ते तिच्यासाठी मांगरापर्यंत येणाऱ्या पाण्याबद्दल. ते पाणी बाटलीत कधी उतरत नाही आणि म्हणूनच त्याचे नाव कोणी घेत नाही.

मांगर हा शब्द पुण्यामुंबईच्या वाचकांना कदाचित परका वाटेल. आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे बागेत, घरापासून जरा दूर, जी चार भिंतींची कौलारू किंवा गवती शाकारणीची खोपी असते, ती मांगर. त्यात नारळ ठेवायचे, अवजारे ठेवायची, आंब्याची अढी घालायची, पावसात अडकलो तर स्वतःला ठेवायचे. तेरेखोलच्या नदीपलीकडे, गोव्याच्या पेडणे तालुक्यात, याच मांगरात एक चूल जास्त असते, आणि तिच्यावर मार्च ते मे भाण चढलेले असते.

नदीच्या दोन काठांवरच्या मांगरांत हा एवढा फरक का, याचे उत्तर इतिहासात आहे. इकडच्या मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला. तिकडे तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. म्हणजे तेच झाड, तोच बोंडू, तीच भाषा. पण एका काठावर गुन्हा आणि दुसऱ्या काठावर घरचा उद्योग! १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, माणसांची जा-ये मोकळी झाली, पण हा फरक राहिला तो राहिलाच. महाराष्ट्रातली कडक दारूबंदी पुढे सैल झाली, तरी परवान्याशिवाय भट्टी लावणे आजही गुन्हाच आहे. आमच्या बागांतून बिया काढून घेतल्यावर बोंडवांचे ढीगच्या ढीग झाडाखाली कुजतात, गुरे ते खातात आणि एप्रिलच्या दुपारी साऱ्या डोंगराला आंबूस गोड वास सुटतो. गोव्यातही परवाना लागतोच. पण तिथे तो काढून कुटुंबेच्या कुटुंबे हा उद्योग उघडपणे करतात. २००९ साली तर गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला.

माझ्या धाकट्या मावशीचे लग्न गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी पेडण्याकडच्या एका घरात झाले, आणि त्यामुळे आम्हां मालवणच्या मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत एक नवे आजोळ मिळाले. आरोंद्यापर्यंत एस्. टी., मग होडीने किरणपाणी, आणि पुढे पायपीट. मावशीच्या घरची भट्टी तेव्हा हंगामाच्या शेवटच्या भरात असे. काका जाळाजवळ बसलेले असत आणि येणारे-जाणारे लोक त्यांना विचारीत, ‘यंदा धार कशी?’ मावशीला कोणी काही विचारीत नसे. ती लवणीवर पाणी घालीत असे.

लवणी म्हणजे मातीचे मडके. भाणातून निघालेली वाफ नळीवाटे या मडक्यात येते. ती तिथे गार झाली तर थेंब होऊन पडते. न झाली तर निघून जाते आणि मागे फक्त वास राहतो. म्हणून लवणीवर वरून सतत थंड पाणी ओतायचे असते. करवंटीच्या दवल्याने घ्यायचे, ओतायचे, पुन्हा घ्यायचे, पुन्हा ओतायचे. सकाळपासून दुपार टळेपर्यंत मावशीचा हात घड्याळाच्या लंबकासारखा हलत असे. मी एकदा तिला विचारले, ‘मावशी, काका दारू करतात, तू काय करतेस?’ ती हात न थांबवता म्हणाली, ‘झिला, जाळान नुसती वाफ होता. बाटलेत पडता ती पाण्यान.’

त्या वेळी हे मला कोडे वाटले. पुढे कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात गुप्त उष्णतेचा धडा आला तेव्हा ते सुटले. पाणी उकळू लागले म्हणजे लगेच त्याची वाफ होत नाही. एकेका ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी उष्णता आणखी पोटात घालावी लागते, आणि तेवढे करूनही तापमापकातला पारा हलत नाही. ही लपलेली उष्णता ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६० नंतरच्या एकदोन वर्षांत मोजली. स्कॉटलंड हा व्हिस्कीचा देश. तिथल्या भट्ट्याही ओढ्या-नद्यांच्या काठी बसलेल्या आहेत, यात नवल ते काय! वाफेने जी उष्णता गिळली ती थेंब होताना तिला परत द्यावी लागते, आणि ती घ्यायला कोणीतरी बाहेर उभे असावे लागते. ते कोणीतरी म्हणजे पाणी.

हिशेबाची आवड असणाऱ्यांनी जरा पुढे चलावे. मद्यार्काची ही भूक पाण्यापेक्षा कमी, ग्रॅमला दोनशे कॅलरींच्या आसपास. पण पहिल्या खेपेला भाणातून जो हुर्राक उतरतो, त्यात पाण्याचाच भाग फार मोठा असतो. तेव्हा एक लिटर हुर्राक उतरवून गार करायचा, आणि त्यासाठी वापरलेले पाणी वीस अंशांनी तापू द्यायचे, असे धरले तर पंचवीस-सव्वीस लिटर पाणी लागते. पाऊण लिटरच्या एका बाटलीमागे वीस लिटर! म्हणजे एक मोठी, काठोकाठ भरलेली घागर. आणि फेणी तर याच हुर्राकात आंबलेला रस घालून पुन्हा भाणात चढवायची असते. तिचे पाणी निराळे.

बीअरची गोष्ट याच्या अगदी उलट. तिच्यात पाणी आत असते आणि चवीलाही तेच कारण होते. इंग्लंडातल्या बर्टन गावच्या जड पाण्याने तिथली बीअर नावारूपाला आली, तर बोहेमियातल्या पिल्सेनच्या मऊ पाण्याने १८४२ पासून जगाला फिकट सोनेरी बीअर दिली. त्या गावांनी आपल्या पाण्याचे पोवाडे गायिले. आमच्या फेणीचे पाणी बाहेरच्या बाहेर राबते आणि बाहेरच्या बाहेर वाहून जाते. त्याला कोण विचारतो!

या राबणाऱ्या पाण्यामुळेच भट्टीची जागा ठरते. पाणी भट्टीकडे येत नाही, भट्टी पाण्याकडे जाते, हा या धंद्याचा जुना नियम. वर्तमानपत्रात हातभट्टीवर धाड पडल्याची बातमी येते ती वाचून पाहा. ती नाल्याच्या काठी असते, ओढ्याच्या वळणावर असते, खाडीच्या झुडपांत असते. धूर लपवता येतो, वास वाऱ्यावर सोडून देता येतो, पण पाणी लपवून आणता येत नाही. मावशीच्या घरची भट्टी सरकारी परवान्याची, लपण्याचे तिला कारण नव्हते. तरी ती व्हाळाच्या काठच्या मांगरातच होती.

आता यातली खरी अडचण सांगतो. काजू फुलतो हिवाळ्यात आणि बोंडू पिकतात ते मार्चपासून मेपर्यंत. नेमके याच महिन्यांत कोकणातले पाणी पाय काढता घेते. ज्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, हे घाटावरच्या माणसाला पटत नाही. पण आमचा जांभा दगड चाळणीसारखा आहे. पावसाचे पाणी तो पितो आणि चार महिन्यांत खालच्या खाली समुद्राला देऊन टाकतो. मालवणच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! लोक ती नवलाई पाहायला होडीत बसून जातात. किनाऱ्यावरच्या बायका मात्र उन्हाळ्यात आपल्या विहिरीत वाकून पाहतात आणि पोहऱ्याची दोरी आणखी एक हात वाढवतात.

पाणी वाहून नेण्याच्या युक्त्या आमच्याकडे कमी नव्हत्या. आमच्या मालवणच्या बागेत लाट होती: एका खांबावर आडवा टाकलेला लांब वासा, एका टोकाला दगडाचे वजन, दुसऱ्या टोकाला पोहरा. विहिरीतून पाणी वर आले की ते दगडी दोणीत पडायचे आणि तिथून पाटाने माडांच्या मुळाशी जायचे. मध्ये खळगा आला तर पोफळीचे खोड उभे चिरून, आतला भुसा काढून केलेली पन्हळ टाकायची. काही बागांत रहाट होते. पण या साऱ्या युक्त्या बागेसाठी. माड वर्षभर पाणी मागतो, म्हणून त्याच्यासाठी लाट उभारणे परवडे. भट्टी मागते तीन महिने, आणि त्यातही शेवटच्या महिन्यात खरी निकड. तेवढ्यासाठी कोण खर्च करतो? घरात बायका होत्याच की!

मार्चमध्ये मांगराजवळचा व्हाळ वाहता असे, तोवर सारे सुरळीत चाले. एप्रिल उजाडला की त्याची आधी डबकी होत आणि मग ओले वाळूचे पट्टे. मग पाणी आणायचे ते वरच्या झरीवरून. डोंगराच्या घडीत एका कातळाखालून बारीक धार येई आणि दगडी कुंडात साठे. साऱ्या वाडीचे प्यायचे पाणी ते. मांगरापासून झर अडीचशे पावलांवर, चढावर. भरली घागर उताराने आणि रिकामी चढाने, एवढीच काय ती देवाची कृपा. मावशी आणि तिची थोरली जाऊ मिळून दिवसाला तीस खेपा करीत. घागरी मी मोजल्या आहेत, कारण मोजण्यापलीकडे आम्हां पोरांना दुसरे काम नव्हते. तीस घागरी म्हणजे सहाशे लिटर. काकांच्या भाणातून दिवसाला जे काय उतरे, त्याचा आणि या आकड्याचा मेळ आज मी कागदावर बसवून पाहतो तेव्हा तो चपखल बसतो. पुस्तक न वाचता त्या दोघींच्या मानेने ब्लॅकसाहेबाचे गणित सोडवले होते.

मावशीची मान पुढे दुखू लागली आणि थोरली जाऊ गुडघ्यांनी बसली. काका गेले. भट्टी मावसभावाने चालवायला घेतली. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादाने मातीची लवणी काढून तिच्या जागी तांब्याची नागमोडी नळी आणि सिमेंटची टाकी आणली. नळी टाकीतल्या पाण्यात बुडालेली, वाफ तिच्यातून जाता जाता गार होते. दवला धरून बसायला माणूस नको. पण टाकीलाही पाणी लागतेच, आणि तेवढेच लागते. वाडीत नळ आला होता खरा, पण एप्रिलच्या मध्यावर तो पाण्याऐवजी हवा खोकू लागे. दहाएक वर्षांपूर्वी दादाने काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपची भेंडोळी आणली आणि जाहीर केले, ‘झरीपासून मांगरापर्यंत पाइप टाकतलंय. पंप नको, वीज नको. उतार आसा.’

बेत उत्तम होता. झर वर, मांगर खाली. पाण्याला याहून काय हवे? पण ज्या उताराच्या बळावर पाणी मांगरात येणार होते, त्याच उताराचा अर्थ असा होता की वाडीच्या कुंडावर पहिला हात भट्टीचा पडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या सातआठ जणी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. भांडण नव्हते. त्यांतली एक वयस्क बाई तुळशीजवळ टेकली आणि एवढेच म्हणाली, ‘तुमच्या भट्टीक पाणी, आणि आमच्या पोरांक तान?’

दादा कायद्याचे बोलला. जमीन आपली, परवाना आपला, झर आपल्या हद्दीत. बायका काही बोलल्या नाहीत. मी त्या दिवसांत तिथेच होतो. माझ्या मनात आले की दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि दोन्ही बाजू खऱ्या असल्या म्हणजे भांडण मिटायला कोर्टसुद्धा पुरत नाही.

मिटवले ते मावशीने. ती ओट्यावर खांबाला टेकून सारे ऐकत होती. म्हणाली, ‘दिवसाचा पाणी वाडीचा. पण रातचा पाणी कोण भरता? ता रानातच जिरता ना?’

त्या झरीवर चाळीस वर्षे खेपा घातलेल्या माणसालाच हे सुचू शकते. पहाटे पाचला गेले तर कुंड भरून वाहत असते आणि कुंडाभोवतीची जमीन चिखल झालेली असते, हे तिने हजार वेळा पाहिले होते. संध्याकाळी सातनंतर झरीवर कोणी जात नाही. अर्ध्यापाऊण तासात कुंड भरते आणि मग रात्रभर पाणी काठावरून सांडत राहते. धार बारीक, मिनिटाला लिटरभर; पण दहा तासांत तिचेही सहाशे लिटर होतात. तीस घागरी!

मग दादाचे डोके चालू लागले. त्याने पाइपाचे तोंड कुंडाच्या तळाशी न लावता अगदी काठाशी लावले. कुंड काठोकाठ भरल्याशिवाय पाइपात एक थेंब शिरणार नाही. कोणी घागर बुडवली की पातळी उतरते आणि पाइप आपोआप कोरडा पडतो; कुंड पुन्हा भरले की पुन्हा वाहू लागतो. तोटी नको, पहारा नको, करार नको. आधी वाडी, मग भट्टी, हा नियम कागदावर न लिहिता पाइपाच्या उंचीत लिहिला गेला. वाडीतल्या बायकांनी येऊन पाहिले, एकीने मुद्दाम दोन घागरी भरून घेतल्या, पाइपातली धार थांबली, आणि सगळ्या हसल्या.

पहिल्या रात्री मांगरात मात्र काही आले नाही. वाटेत एका कातळावरून पाइप चढून उतरत होता आणि त्या उंचवट्यात हवा कोंडून बसली होती. पाण्याला उतार दिला म्हणजे झाले असे आपल्याला वाटते. पण पाइपाच्या पोटात हवेचा एक फुगा अडला तरी बारीक धारेला तो ढकलत नाही. दादाने पाइप कातळाला वळसा घालून नेला, झरीपासून मांगरापर्यंत कुठेही वर न चढता सारखा उतरता. दुसऱ्या पहाटे मांगराबाहेरचे मोठे पिंप भरून वाहत होते.

टाकीत पाणी कुठून सोडायचे यावरही खल झाला. दादा वरून सोडणार होता, जशी मावशी लवणीवर वरून ओतीत असे. पण टाकीची रीत वेगळी. गरम पाणी हलके, ते वर चढते. गार पाणी जड, ते तळाशी बसते. वरून गार पाणी सोडले तर ते गरमात मिसळून वाया जाते. म्हणून गार पाणी तळाशी सोडायचे आणि तापलेले वरच्या तोंडाने काढून घ्यायचे. हे सांगायला कोणी इंजिनियर लागला नाही. न्हाणीघरातल्या हंड्यात हात घालणाऱ्या कोणत्याही बाईला ते ठाऊक असते. वरून निघणारे कोमट पाणी दादाने एका खड्ड्यात निवत ठेवले आणि तिथून पाट काढून केळींना दिले. भट्टी पाणी पीत नाही, फक्त तापवते. तेव्हा तापलेले पाणी निवू द्यायचे आणि परत मातीला द्यायचे, एवढे केले म्हणजे तिच्यावरचा अर्धा आरोप जातो.

अर्धाच म्हणतो. उरलेला अर्धा मला अजून सुटलेला नाही. एका पाइपाला फार तर काही हजार रुपये पडले असतील. पाइप नव्हता तेव्हा पोफळी होत्या, पन्हळी होत्या, त्या करणारे हात होते, आणि झर तर तेव्हाही मांगराच्या वरच होती. आमच्या मालवणच्या माडांना लाटेचे पाणी मिळत होते त्याच काळात मावशी डोक्यावरून घागरी आणीत होती. माडासाठी जी युक्ती सुचली ती मावशीसाठी चाळीस वर्षे कोणाला सुचली नाही. काका वाईट नव्हते; ते तिला फार जपत. पण पाणी आपोआप येते आहे असे सगळ्या घराला वाटत होते, कारण ते आणणारी कधी तक्रार करीत नव्हती. जे काम तक्रारीवाचून होते त्याला कोणी पाइप लावीत नाही.

हे फक्त भट्टीचेच आहे असेही नाही. आपल्या शहरातल्या घरांतसुद्धा अशी कितीतरी पाणी आहेत, जी बाटलीत उतरत नाहीत. दिवाळीच्या चकल्या कोणी तळल्या ते सारे विचारतात. भाजणी कोणी दळून आणली, तळणाचे भांडे कोणी घासले, हे विचारायचे राहून जाते.

मावशी आता ऐंशीच्या घरात आहे. मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा मी तिला विचारले, ‘आता सकाळी काय करतेस? पाणी तर आपोआप येते.’ ती म्हणाली, ‘झरीर जातंय.’ मी म्हटले, ‘कशाला? घागर तर नाही नेत.’

‘बसाक,’ ती म्हणाली. ‘इतकी वर्षां थंय गेलंय, पण बसाक कधी गावलाच नाय.’